लेबलावरचे आजोबा

कॅप्टनला एक म्हातारा हवा होता. तोही असातसा नाही. चेहऱ्यावर ऊन दिसलं पाहिजे, मिशी पांढरी पण भरघोस हवी, आणि डोळे असे हवेत की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस खोटं बोलूच शकत नाही.

कॅप्टन आयुष्यात कधी जहाजावर चढलेला नव्हता. ऑफिसातल्या पोरांनीच त्याचं हे नाव पाडलं होतं, कारण सकाळी आला की तो पाय फाकवून खिडकीशी उभा राही आणि अंगणातल्या ट्रककडे, समुद्राकडे बघावं तसा बघत राही. वाइन क्लब त्याचा. दुकान असं कुठंच नव्हतं. जे काही होतं ते फोनच्या पडद्यावर, आणि पडद्यामागे हमरस्त्याला लागून एक पत्र्याचं गोदाम. गोदामाच्या टोकाला स्टीलची एक दांडगी टाकी होती. टँकरमधून कुठली कुठली वाइन यायची, ती या टाकीत ओतायची आणि बाटल्यांत भरायची. टाकी एक, लेबलं मात्र ढीगभर. एकावर जुना किल्ला, एकावर दोन बहिणी, एकावर वादळातून वाचलेली वेल. प्रत्येक बाटलीची किंमत आधी फुगवायची आणि मग तिच्यावर लाल रेघ मारायची. त्या किमतीला बाटली कोणी विकत घेतल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पडद्यावरच्या पानाच्या वरच्या बाजूला एक घड्याळ उलटं पळत असे, सवलत आता संपणार म्हणून. ते शून्यावर आलं की मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून पळू लागे. पहिलं खोकं स्वस्तात घेतलं की माणूस सभासद होई, आणि मग दर हंगामात खोकं आपोआप दारात. ते थांबवायचं बटण कुठं आहे, हे ऑफिसातल्या माणसालाही चटकन सांगता आलं नसतं.

या सगळ्या लेबलांच्या गोष्टी भुंगी लिहायची. भुंगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी अभ्यास करताना सारखी गुणगुणायची, म्हणून बाबांनी ठेवलेलं. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, कारण पन्नाशीला टेकलेली ती एकटीच होती. आपण खोटं लिहितो असं तिला वाटत नसे. पिणाऱ्याला घोटाबरोबर एक गोष्ट लागते, ती आपण देतो, एवढंच, असं ती म्हणे. आणि लिहायची छान. तिची दोन बहिणींची गोष्ट वाचून एका सभासद बाईंनी आपल्या रुसलेल्या बहिणीला फोन केला होता म्हणे.

गोष्टींना चेहरे मात्र भाड्यानं आणलेले असायचे, आणि तिथंच घोळ झाला. क्लबचा जो म्हातारा पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं पिकवत होता, तोच कवळीच्या जाहिरातीत सफरचंदाचा चावा घेताना सापडला. लोकांनी दोन्ही फोटो शेजारीशेजारी लावून क्लबची यथेच्छ टिंगल केली.

"आपला स्वतःचा म्हातारा पाहिजे," कॅप्टन म्हणाला. "दुसरीकडं कुठं न चावणारा."

पोरं हसली. भुंगीही हसली, आणि हसता हसता तिनं फोनमधला एक फोटो त्याच्यापुढं धरला. खिडकीत बसून उन्हाकडे बघणारे बाबा.

कॅप्टननं फोन हातात घेतला तो सोडेचना. "ताई, हे घरात ठेवून तुम्ही आम्हाला कवळीवाल्याच्या तोंडी दिलंत? काय करतात हे?"

"काही नाही आता. चष्म्याच्या काचा घासायचे."

"छे, छे. हे द्राक्षंच पिकवतात," कॅप्टन म्हणाला.

बाबांनी उभा जन्म काचा घासल्या होत्या. बाजारातल्या एका बोळात त्यांचं दुकान होतं, दुकान कसलं, रुंद कपाटच. आत मशीनवर बाबा, पुढं काउंटरवर आई. काच बाबांनी घडवायची, फ्रेममध्ये बसवायची. आणि ती गिऱ्हाइकाच्या नाका-कानांवर बसवायचं काम आईचं. आईचा तोंडपट्टा अखंड चालू असे. "नाक सरळ धरा, साहेब, नाकाला काय धाड भरलीय," असं म्हणून ती मोठमोठ्या माणसांची मुंडकी इकडून तिकडे वळवायची. बाबा आत बसून गालातल्या गालात हसायचे. घरात तिघंच, आई, बाबा आणि भुंगी. आई गेली, डोळ्यांना झेपेना म्हणून बाबांनी दुकान सोडलं, आणि दोघं बापलेक बाजारामागच्या रस्त्यावर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहू लागले. हल्ली बाबांचं विसरणं वाढलं होतं. चहाचं भांडं गॅसवर विसरायचे, वार विसरायचे, शेजारच्या काकूंना दोनदोनदा नमस्कार करायचे. काकू म्हणायच्या, "असू दे गं, एवढा मान मला घरात कोणी देत नाही."

"मी कधी वाइनचा थेंब घेतला नाही," बाबा म्हणाले, तेव्हा भुंगी म्हणाली, "प्यायची नाही बाबा, नुसती धरायची. जरा बाहेर पडाल, हवापालट होईल."

गावाबाहेरच्या एका हॉटेलामागं शोभेसाठी द्राक्षाच्या वेली लावल्या होत्या. तिथं फोटो काढले. बाबांना मळकी टोपी दिली, पायाला मोठे होणारे बूट दिले, नखांत माती भरली. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, लांब बघा. तिकडं तुमचा सगळा मळा आहे असं समजा." बाबांनी लांब बघितलं. तिकडं हॉटेलाचं धुणं वाळत होतं, पण बाबांनी असं काही बघितलं, की फोटोवाला क्षणभर बटण दाबायचं विसरला.

घरी येताना ते खुशीत होते. "आई असती तर हसून लोळली असती," म्हणाले. भुंगीला बरं वाटलं. तेव्हा त्यांना आई आठवत होती.

मग तिनं गोष्ट लिहिली. लेबलाचं नाव "आजोबांची टेकडी". दगडाळ उतारावर पहिली वेल लावणारे आजोबांचे आजोबा. गावानं केलेली चेष्टा. एका हिवाळ्यात गारठ्यानं गेलेला सगळा मळा आणि मुळातून फुटलेला एक कोंभ. आजोबांची बायको वेलींशी हळू आवाजात बोलायची, आता ती नाही, पण आजोबा अजून तिच्या ओळीतली द्राक्षं सगळ्यात शेवटी खुडतात. आणि आजोबांबरोबर मळ्यात राबणारा त्यांचा एकुलता एक मुलगा.

मुलगा का, तर दोन बहिणींचं लेबल आधीच होतं. क्लबची रीतच होती तशी. एका गोष्टीतलं माणूस दुसऱ्या गोष्टीत यायचं नाही, नाहीतर सभासदाला शंका येते. मुलींची जागा भरलेली होती, म्हणून आजोबांना मुलगा. लिहिताना तिचा हात अडखळलाही नाही.

"आजोबांची टेकडी" धो धो खपली. टाकीतली तीच वाइन, जी किल्ल्याच्या लेबलाखाली पडून राहायची, ती बाबांच्या मिशीखाली हातोहात जाऊ लागली. कॅप्टनच्या डोक्यात नवं खूळ आलं. दर शनिवारी संध्याकाळी आजोबांनी फोनसमोर बसायचं आणि सभासदांशी थेट बोलायचं. थोडंच, पण त्यांच्या तोंडून.

"त्यांच्या लक्षात राहत नाही हो काही," भुंगी म्हणाली.

"करून घ्या की पाठ. शाळेत घेतात तसं."

तिनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, उत्तम, पाठांतर चांगलं, मेंदूला काम राहील. काय पाठ करणार हे त्यांनी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही.

मग रोज चहानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर शाळा भरू लागली.

"बाबा, तुमच्या आजोबांनी पहिली वेल कुठं लावली?"

"दक्षिण उतारावर. दगडांत."

"लोक काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, दगडातून काय रस काढणार? आजोबा म्हणाले, ते मला नाही, दगडाला विचारा."

"शाब्बास! आणि मुलगा काय करतो?"

"तो माझ्याबरोबर असतो. आता छाटणी तोच करतो. माझ्यापेक्षा हात हलका आहे त्याचा."

"वा बाबा!" ती टाळ्या वाजवायची. सकाळी काय खाल्लं ते त्यांना आठवत नसे, पण टेकडी एका शब्दानं चुकत नसे. तिला केवढा आनंद व्हायचा. काहीतरी राहतंय, काहीतरी चिकटतंय, असं तिला वाटे. आपण जे चिकटवतोय ते कशाच्या जागेवर चिकटतंय, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही.

शनिवारी बाबा टोपी घालून बसत. समोरच्या पडद्यावर माणसांची भराभर येणारी वाक्यं भुंगी वाचून दाखवी. कोणी विचारी, यंदा पाऊसपाणी कसं आहे? बाबा सांगत. कोणी विचारी, बायकोची आठवण येते का? त्यावर बाबा थांबत, आणि म्हणत, "तिच्या ओळीत गेलं की येते." लोक रडायचे आणि खोकी मागवायचे.

पुढं बाबा पाठांतरात नसलेलंही बोलू लागले. एकदा म्हणाले, "मुलगा आज बाजारात गेलाय, म्हणून मी एकटा." कॅप्टन खूश. भुंगीलाही गंमत वाटली. बाबा रंगात आलेत, असं ती काकूंना म्हणाली.

मग एका मंगळवारी, शनिवार नसताना, बाबा खिडकीतल्या कुंडीत बोट खुपसून म्हणाले, "माती सुकली. पोरगा कुठाय?"

"कुठला पोरगा, बाबा?"

"कुठला म्हणजे? मला काय दहा आहेत?"

तिनं ते हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर पोरगा घरात राहायलाच आला. त्याच्यासाठी बाबा जेवायचे थांबत, खिडकीतून रस्त्याकडे बघत. थंडी पडली की गारठ्याची काळजी करत. भिंतीवरच्या आईच्या फोटोपुढं एकदा ते हात मागं बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "या बाई कोण? हसऱ्या आहेत."

"आई आहे ती, बाबा. तुमची बायको."

बाबांनी समजूत घातल्यासारखी मान हलवली. "माझी बायको फार हळू बोलायची," म्हणाले. "या बाईंचं तोंड बघा. या हळू बोलत असतील?"

भुंगी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. त्या हळू आवाजाच्या बाईला तिनं एका दुपारी, सँडविच खाता खाता जन्माला घातलं होतं.

आणि मग तो दिवस आला. ती कामावरून आली, चप्पल काढली, पिशव्या टेबलावर ठेवल्या. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले, तिच्यासाठी ते कधी उठत नसत, आणि म्हणाले, "या, बसा. आपण कोणाकडच्या?"

"बाबा, मी भुंगी."

"हो का," बाबा अदबीनं म्हणाले. "मुलगा येईलच एवढ्यात. त्याच्याकडं काम असेल तुमचं."

जन्मात बापानं तिला अहोजाहो केलं नव्हतं. रागावले तरी अगं, लाडात आले तरी अगं. तिनं टेकडीवर सगळं दिलं होतं, पणजोबा, बायको, मुलगा, गारठा, ऊन. फक्त स्वतःला कुठं उभं राहायला वाव ठेवला नव्हता. आणि आता बाबा टेकडीवर राहायला गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती कॅप्टनच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"मुलाच्या जागी मुलगी करायची आहे," म्हणाली. "पानावर, लेबलावर, सगळीकडं. आणि शनिवारी मी त्यांच्या शेजारी बसेन. त्यांची मुलगी म्हणून."

कॅप्टननं तिच्याकडं बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. तिच्या आईच्या वेळी त्यानं न मागता रजा दिली होती. "ताई, मुलगा लोकांना माहीत झालाय. आता एकदम मुलगी आली तर कवळीवाल्यासारखंच होईल."

"मग शनिवार बंद करा. ते मला ओळखत नाहीत हो."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. खुर्चीत बसवलं, पाणी मागवलं. मग थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि परत आला तेव्हा चेहरा उजळला होता.

"बंद करू. पण नीट बंद करू. आजोबांना आपण शांतपणे जाऊ देऊ."

"कुठं?"

"म्हणजे… गेले. वय झालं होतं. मुलानं मळा हाती घेतला. आजोबांच्या हातचा शेवटचा हंगाम. तुम्ही लिहिलंत तर ताई, गोदाम रिकामं होईल."

भुंगी उठली. "माझे बाबा घरी बसलेत," म्हणाली. "सकाळी दूध पिऊन."

"हो हो, शतायुषी होवोत. हे नुसतं पानावरचं."

"पानावरचंच तर सगळं झालंय, कॅप्टन."

तिनं ते लिहिलं नाही. त्या दिवसानंतर ती कामावर गेलीच नाही. पण तिच्या हाताखालच्या पोरीनं लिहिलं, आणि भुंगीच्याच वळणाचं लिहिलं. शिकवलं तिनंच होतं. काळ्या चौकटीत बाबांचा तो लांब बघणारा फोटो. वर घड्याळ उलटं पळत होतं. खाली हजारो माणसांनी लिहिलं होतं, आमच्या घरातलंच माणूस गेलं. एक जण म्हणत होता, माझ्या वडिलांना मी शेवटचं भेटू शकलो नाही, आज त्यांची आठवण आली, दोन खोकी मागवली.

भुंगीच्याच इमारतीत एक सभासद निघाले, खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांचं खोकं द्यायला आलेला माणूस लिफ्ट बंद म्हणून जिन्यात दम खात होता, तेवढ्यात बाबा भुंगीचा हात धरून उतरले. तो खोक्यावरच्या चित्राकडं बघे, बाबांकडं बघे.

"आजोबा," तो न राहवून म्हणाला, "तुम्ही तर गेलात ना? पानावर आलंय!"

भुंगी मध्ये पडली. "अहो, काय बोलता?"

पण बाबा थांबले. त्यांनी विचारलं, "मग मळा कोण बघतं?"

"मुलगा बघतो असं लिहिलंय," तो बिचारा म्हणाला.

"बघतो ना?" बाबांचा चेहरा फुलला. "मला वाटलंच होतं. करेल तो नीट." आणि उरलेल्या पायऱ्या ते कोणाचा हात न धरता उतरले.

भुंगीनं मग चंगच बांधला. खरं ते खरं, ते कुठंतरी आत असेलच, उकरून काढायचं. ती त्यांना बाजारातल्या बोळात घेऊन गेली. दुकानाच्या जागी फोनची कव्हरं विकणारा बसला होता. ती म्हणाली, "इथं मशीन होतं, बाबा. इथं आई उभी राहायची." बाबांनी विनयानं आत डोकावून बघितलं आणि कव्हरवाल्याला, धंदा कसा आहे, म्हणून विचारलं. घरी आल्यावर तिनं ट्रंकेतून एक जाड काच काढली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. बाबांनी ती उजेडाकडं धरली, कडेवरून अंगठा फिरवला, अगदी पूर्वीसारखा.

"चांगली आहे," ते म्हणाले आणि काच तिला परत दिली. "जपून ठेवा. कोणाची तरी असेल."

"तुमची आहे! तुम्ही घासलीय! बाबा, टेकडी नाही कुठं. मळा नाही, मुलगा नाही. ते सगळं मी लिहिलंय. तुम्ही चष्मेवाले आहात, आणि मी तुमची मुलगी आहे, एकुलती एक."

ती बोलत सुटली. बाबा ऐकत होते. म्हातारा माणूस, हात कुठं ठेवावेत कळेना त्यांना, मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले.

"म्हणजे माझं सगळं गेलं?" ते म्हणाले. "मुलगाही?"

आणि ते रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते, तसे, आवाज करून. भिंतीपलीकडून काकू धावत आल्या. त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि भुंगीला स्वयंपाकघरात नेऊन खालच्या आवाजात झापलं, "अगं, वेड लागलं का तुला? एकदा बायको गेली त्यांची. आता मुलगा मारतेस होय?"

"मुलगा नव्हताच काकू!"

"तुला नव्हता. त्यांना होता ना?"

भुंगी ओट्याला धरून उभी राहिली. काकूंनी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि चहा टाकला.

त्या दिवसापासून तिनं सांगणं सोडलं. माती सुकली म्हणाले की कुंडीला पाणी घालायची. मुलगा कुठं आहे विचारलं की, येतील, म्हणायची. बाबांनी तिला मळ्यावर कामाला लागलेली बाई ठरवून टाकलं होतं, आणि कामाची बाई म्हणून त्यांना ती पसंतही होती. औषध तिच्या हातून मुकाट्यानं घेत. "तुमचं लक्ष असतं," म्हणत. तिनं दुसरीकडं नोकरी धरली होती, पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची, घरी बसून. बाबांना वाटायचं, ती मळ्याचा हिशोब करते.

एका संध्याकाळी दोघं खिडकीपाशी बसली होती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ऊन उतरत होतं, आणि बाबा तिकडं, आपल्या उताराकडं, समाधानानं बघत होते. मग एकाएकी त्यांनी विचारलं, "तुमचे वडील काय करतात हो?"

तिच्या हातातला कागद तसाच राहिला. "चष्मे करायचे," ती म्हणाली.

"अरे वा. नाजूक काम."

"हो. डोळे गेले त्यात त्यांचे."

"स्वभावानं कसे?"

ती लिहायला बसल्यासारखी बोलू लागली. खूप प्रेमळ, कधी आवाज चढवला नाही, गरिबांना चष्मा फुकट देत, आणि बोलता बोलता तिलाच ऐकू आलं, हे लेबल झालं. तिनं ते तिथंच तोडलं. मग म्हणाली, "नाही, तसे रागीट होते. एकदा आईशी आठवडाभर बोलले नव्हते."

बाबा पुढं सरसावले. "का?"

"आईनं एका गिऱ्हाइकाला सांगितलं, यांच्या हाताला आता पूर्वीची सफाई नाही. थट्टेनं म्हणाली होती. पण लागलं त्यांना. घरात सगळं बोलणं माझ्यामार्फत. 'आईला सांग मीठ जास्त झालंय.' आई समोरच बसलेली."

बाबा खळखळून हसले. "मग? मिटलं कसं?"

"त्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आई पेपर हात लांब करून वाचते. तिचा नंबर वाढला होता, ती सांगत नव्हती. त्यांनी गुपचूप तिच्या चष्म्याच्या काचा बदलल्या आणि चष्मा होता तिथं ठेवून दिला. सकाळी आईनं घातला. जरा वेळ इकडं तिकडं बघितलं. मग मला म्हणाली, बाबांना सांग, मिशी वाकडी कापलीय."

"आणि ते?"

"बाबा म्हणाले, मग सरळ करून दे."

बाबा हसत होते की काय, ते मिशीमुळे कळत नव्हतं. "भली माणसं," शेवटी म्हणाले. "आहेत दोघं?"

"आई नाही."

"आणि वडील?"

"आहेत."

"इथंच?"

"जवळच. पण भेट होत नाही."

"भांडलात?"

"नाही. माझ्याच हातून एक चूक झाली. त्यांना मी… दुसऱ्यांच्या स्वाधीन केलं."

बाबांनी भुवया चढवल्या. मुलाच्या बापानं दुसऱ्याच्या लेकीकडं बघावं, तसं बघितलं. जरा रागानं, जरा मायेनं. "मग जा की बाई. बाप आहे तो. वाट बघत असेल."

"जाईन."

"जाईन नाही, आत्ता जा. इथलं मी बघतो. काम कुठं पळून जात नाही."

ती उठेना, तेव्हा ते स्वतः उठले, खुंटीवरचा तिचा कोट काढून त्यांनी तिच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. मालकाचा हुकूम होता, मोडता येईना. ती बाहेर गेली. जिन्यात पहिल्याच पायरीवर बसली. खालून कोणाच्या तरी घरातलं भांड्यांचं पाणी वाहताना ऐकू येत होतं. वर दारामागं बाबा काहीतरी गुणगुणत फिरत होते. पाठ केलेलं नव्हतं ते, तिला ओळखीचं वाटेना. डोळे कोरडे होईपर्यंत ती तिथं बसून राहिली. मग उठून तिनं दार लोटलं.

"आलात?" बाबा म्हणाले. "भेटले का?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

तिनं कोट खुंटीला लावला. "बस म्हणाले."

"मग बसा," म्हणाले बाबा आणि खिडकीजवळची खुर्ची त्यांनी तिच्याकडं सरकवली.